ई. कोलायकडून नीळ करवून घेताना

ई. कोलाय या जिवाणूत नीळ बनवणारा जीन घालून प्लेटवर निळी कॉलनी उगवून आणणं हे या कामातलं सगळ्यात सोपं पाऊल आहे. प्लास्मिड (जीन पेशीत वाहून नेणारी डीएनएची छोटी कडी) हाताशी असेल तर आठवड्यात जमतं. त्या कॉलनीपासून सुताची एक लडी रंगवण्याइतकी नीळ हातात येईपर्यंत मात्र महिने जातात, आणि त्यातला मोठा भाग जीनवर खर्ची पडत नाही, हवेवर पडतो. खालचं सगळं त्याच वाटेवरचं आहे.

नीळ म्हणजे इथे इंडिगो, गुळीच्या झाडापासून निघतो तो रंग. किराणा दुकानात पांढऱ्या कपड्यांसाठी मिळते ती निळीची पूड अल्ट्रामरीनची असते. तिचा याच्याशी नावापलीकडे संबंध नाही.

रसायन थोडक्यात असं. ई. कोलायकडे ट्रिप्टोफनेज नावाचं एन्झाइम मुळातच असतं. ते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाचे तुकडे करून इंडोल, पायरुव्हेट आणि अमोनिया बनवतं. बाहेरून आणलेलं एखादं ऑक्सिजनेज त्या इंडोलवर ऑक्सिजनचा एक अणू चढवतं आणि इंडॉक्सिल तयार होतं. पुढचं काम हवा करते: इंडॉक्सिलचे दोन रेणू ऑक्सिजनच्या संगतीत आपोआप जुळतात आणि नीळ होते. गुळीच्या पानातही शेवटचा टप्पा हाच. फक्त झाड इंडॉक्सिलला साखर जोडून इंडिकॅन म्हणून साठवतं आणि पानं हौदात कुजवल्यावर ती साखर सुटते.

ई. कोलायमध्ये ही नीळ १९८३ साली अ‍ॅमजेन कंपनीतल्या संशोधकांनी दाखवली. त्यांनी स्यूडोमोनास पुटिडाचं नॅप्थलिन डायऑक्सिजनेज वापरलं होतं. ते आजही चालतं, पण त्याला रिडक्टेज, फेरेडॉक्सिन आणि दोन उपघटक असा चार जीनचा लवाजमा लागतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मिथायलोफागा या सागरी जिवाणूचं फ्लेव्हिन मोनोऑक्सिजनेज घ्यावं असं आमचं मत. एकच जीन, सुमारे १,४०० बेसजोड्यांचा. ई. कोलायच्या कोडॉनपसंतीप्रमाणे (जीनची अक्षरं त्याला वाचायला सोपी जातील तशी) बदलून संश्लेषित करून मागवता येतो आणि पीईटी-२८ सारख्या प्लास्मिडमध्ये बसतो. भारतात संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी घेतल्याशिवाय यातलं काही सुरू करायचं नाही. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या ई. कोलायमध्ये हे काम पहिल्या सुरक्षा पातळीत बसतं, पण कागद आधी, प्लेट नंतर.

ट्रान्सफॉर्मेशन, म्हणजे प्लास्मिड पेशीत घालणं, नेहमीचं: कॉम्पिटंट (डीएनए आत घ्यायला तयार केलेल्या) पेशी बर्फात, ४२ अंशांवर ४५ सेकंद, परत बर्फात दोन मिनिटं, एसओसी या पोषक द्रवात तासभर, मग ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली कॅनामायसिन या प्रतिजैविकाच्या प्लेटवर. रात्रभर ३७ अंशांवर ठेवलेल्या प्लेटवर सकाळी पांढऱ्याच कॉलनी दिसतात आणि प्रयोग फसला असं वाटतं. प्लेट ३० अंशांवर आणखी एक दिवस ठेवावी. निळा रंग कॉलनीच्या मध्यापासून पसरत जातो. दाट प्लेटवर तो फिका राहतो, कारण प्रत्येकीच्या वाट्याला ट्रिप्टोफॅन कमी येतो. विरळ प्लेटवर गडद होतो. म्हणून दोन प्लेटांवरच्या कॉलनींची नुसत्या डोळ्यांनी तुलना करू नये. रिकामं प्लास्मिड घातलेली कंट्रोल प्लेट पांढरी राहिलीच पाहिजे. आणि चुकून एक्स-गॅल (इतर प्रयोगांत कॉलनी निळी करून ओळखायला वापरतात ते रसायन) असलेली जुनी प्लेट उचलू नका. एक्स-गॅलचा निळा रंगसुद्धा क्लोरीन-ब्रोमीन लागलेली नीळच असते, त्यामुळे ती फसवणूक डोळ्यांना अजिबात कळत नाही.

निळी कॉलनी मिळाली की लगेच ग्लिसरॉल स्टॉक (गोठवून जपायचा नमुना) करून उणे ८० अंशांवर टाकावा. प्लेटवरून प्लेटवर स्ट्रीक करत राहिलं तर तीन-चार फेऱ्यांत पांढऱ्या कॉलनी डोकं वर काढतात. नीळ बनवणं पेशीच्या फायद्याचं नाही, आणि ज्या पेशीत हे काम बंद पडतं ती जोमाने वाढते.

आता माध्यम. पहिला फटका इथे बसतो. वाढ चांगली व्हावी म्हणून कुणी एलबी या नेहमीच्या माध्यमात ग्लुकोज घालतं, पेशी भरपूर येतात आणि नीळ शून्य. ग्लुकोज असेपर्यंत ई. कोलाय ट्रिप्टोफनेजचा जीन दाबून ठेवतं. गोड मिळत असताना अमिनो आम्ल कशाला फोडायचं, हा त्याचा साधा हिशेब. कार्बन द्यायचाच तर ग्लिसरॉल द्यावा, लिटरला ५ ग्रॅम पुरतो. दुसरी चूक कॅसामिनो आम्लांची. केसिनचं आम्लाने विघटन करताना त्यातला ट्रिप्टोफॅन नष्ट होतो, त्यामुळे त्या माध्यमात कच्चा मालच नसतो. एन्झाइमने पचवलेला ट्रिप्टोन वापरायचा.

आमचं माध्यम असं: लिटरला ट्रिप्टोन १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५, मीठ ५, ग्लिसरॉल ५ ग्रॅम, आणि पीएच ७.२ चा फॉस्फेट बफर ५० मिलिमोलर. एरवी एलबीत बफर कुणी घालत नाही, पण इथे अमिनो आम्लं फुटून अमोनिया सुटत राहतो आणि दुसऱ्या दिवशी पीएच ८ च्या वर गेलेला दिसतो. ट्रिप्टोफॅन वेगळा विरघळवून ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून घालायचा. लिटरला १० ग्रॅमच्या आसपास त्याची पाण्यातली मर्यादा येते, म्हणून स्टॉक ८ ग्रॅमचाच करावा, कोमट पाण्यात, आणि बाटलीला फॉइल गुंडाळावी. उजेडात तो पिवळा पडतो.

वाढ ३७ अंशांवर. ओडी (६०० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजलेला कल्चरचा गढूळपणा) ०.६ ते ०.८ झाली की तापमान २५ ते २८ वर आणायचं, अर्धा तास थांबायचं, मग जीन चालू करणारं आयपीटीजी ०.१ मिलिमोलर (हेच इंडक्शन). एक मिलिमोलर आणि ३७ अंश हा नेहमीचा हात इथे आवरावा, नाहीतर एन्झाइम भरपूर बनतं पण घड्या चुकून गोळे होतात: जेलवर जाड पट्टा, फ्लास्कमध्ये फिकं पाणी.

ओडीबद्दल एक ताकीद. नीळ ६०० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश जोरात शोषते आणि आपण पेशी मोजतो त्याही ६०० ला. रंग यायला लागला की ओडीचा आकडा खोटा होतो. ओडी दुप्पट झाली म्हणून वाढ उत्तम चालली आहे असं समजून लोक ट्रिप्टोफॅन वाढवत नेतात, आणि तिकडे पेशी कधीच थांबलेल्या असतात. इंडक्शननंतर विरलन करून प्लेटवर कॉलनी मोजाव्यात. वेळ लागतो, पण तो आकडा खोटं बोलत नाही.

किती नीळ मिळायला हवी याचा हिशेब कागदावर आधी मांडून ठेवावा. ट्रिप्टोफॅनचा रेणुभार २०४, निळीचा २६२, आणि दोन ट्रिप्टोफॅनमागे एक नीळ. म्हणजे लिटरला २ ग्रॅम ट्रिप्टोफॅन दिला तर सगळं शंभर टक्के जमलं तरी १.२८ ग्रॅमपेक्षा जास्त नीळ निघणार नाही. याच मोनोऑक्सिजनेजवर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या कोरियन कामात २ ग्रॅमपासून ९२० मिलिग्रॅम मिळवले होते, म्हणजे जवळपास ७२ टक्के. तुमच्या हिशेबात १.२८ च्या वर आकडा आला तर आनंद मानू नका, स्टँडर्ड कर्व्ह (माहीत असलेल्या प्रमाणांच्या निळीवरून काढलेली मोजणीची रेघ) तपासा.

आता हवा. एका निळीच्या रेणूमागे ऑक्सिजनचे तीन रेणू लागतात: दोन इंडोलांवर चढवायला दोन, आणि इंडॉक्सिल जोडायला एक. लिटरला १.२८ ग्रॅम नीळ म्हणजे सुमारे ४.९ मिलिमोल, तिला साधारण १४.७ मिलिमोल ऑक्सिजन. ३० अंशांच्या लिटरभर पाण्यात एका वेळी हवेतला ऑक्सिजन विरघळतो जेमतेम ०.२४ मिलिमोल. साठ वेळा भांडं रिकामं करून भरायचं झालं, आणि यात पेशींचा स्वतःचा श्वास धरलेलाच नाही.

यातली खरी गोम पुढे आहे. ट्रिप्टोफनेजला ऑक्सिजन लागत नाही, मोनोऑक्सिजनेजला लागतो. हवा कमी पडली की पहिलं यंत्र चालू राहतं आणि दुसरं थांबतं. इंडोल साचत जातं. इंडोल ३ ते ५ मिलिमोलरच्या पुढे गेलं की ई. कोलायच्या पडद्याचा विद्युतदाब ढळतो आणि वाढ थांबते. दोन ग्रॅम ट्रिप्टोफॅन एकदम टाकला आणि सगळा फुटला तर इंडोल ९.८ मिलिमोलर होईल, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट किंवा तिप्पट. म्हणून ट्रिप्टोफॅन हप्त्यांनी द्यायचा: लिटरला अर्धा ग्रॅम, दर चार तासांनी, चार वेळा.

इंडोल साचल्याचं नाकाला आधी कळतं. फ्लास्कची बुचं उघडल्यावर डांबरगोळ्या आणि शौचालय यांच्या मधला वास आला तर समजावं. (मोगऱ्यातही हेच इंडोल असतं, पण इतकं विरळ की ते गोड वाटतं.) नाकावर विसंबायचं नसेल तर इंडोल ओळखणारं कोवाक्सचं द्रावण: सेंट्रिफ्यूज करून वरचं द्रव घ्यायचं, वर थेंब टाकायचे, लाल कडं किती गडद येतं ते पाहायचं. फिकं गुलाबी चालतं. चेरीसारखं लाल आलं तर पुढचा हप्ता रोखायचा आणि हवा वाढवायची.

फ्लास्कमध्ये हवा वाढवायची म्हणजे आधी द्रव कमी करायचं. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये २५ मिली, फार तर ३०. तळाला खाचा असलेला फ्लास्क, शेकरचे मिनिटाला २०० ते २२० फेरे. कापसाचं बूच भिजलं की हवेचा रस्ता बंद होतो. खाचांच्या फ्लास्कमध्ये द्रव उसळून ते हमखास भिजतं. दुपारी एकदा बुचं बदलावीत. वीज जाऊन शेकर थांबला की काय होतं ते एकदा बघून ठेवण्यासारखं आहे: काचेला चिकटलेलं निळं कडं आणि पृष्ठभागावरची निळी साय, आणि खाली मळकट पिवळं पाणी. फ्लास्क हाताने फिरवला की निळा धागा वरून खाली उतरतो. तासाभराचा खंड निभावतो. चार तासांनंतर ती बॅच सोडून द्यावी.

पाच लिटरच्या फर्मेंटरमध्ये तीन लिटर भरतो, मिनिटाला तीन लिटर हवा, ढवळणं ४०० पासून ८०० फेऱ्यांपर्यंत, विरघळलेला ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या वर. फेस येतोच. सिलिकॉनचं फेसमारक थेंबाथेंबाने द्यावं, कारण ते बुडबुडे एकत्र करून ऑक्सिजन विरघळण्याचा वेगच पाडतं. फेसाला घाबरून पाच मिली ओतलं की ऑक्सिजनची रेघ दहा मिनिटांत खाली बसते. दुसरी खोड नीळ स्वतःच काढते. ती ऑक्सिजन प्रोबच्या पडद्यावर बसते आणि प्रोब आळसावतो. आकडा स्थिर दिसतो, प्रत्यक्षात पेशी गुदमरलेल्या असतात. ढवळणं अर्धा मिनिट मुद्दाम कमी करून पाहावं. आकडा झटकन पडला नाही तर प्रोबवर विश्वास ठेवू नये.

मोजणी. एक मिली कल्चर १२,००० फेऱ्यांवर दहा मिनिटं, वरचं द्रव फेकून पेलेट (तळाला बसलेला गाळ) पाण्याने एकदा धुवायचं, पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढायचं, मग एक मिली डीएमएसओ हे द्रावक घालून सोनिकेटर बाथमध्ये १५ मिनिटं. परत फिरवून वरच्या निळ्या द्रावणाचं शोषण ६२० नॅनोमीटरवर. नीळ डीएमएसओतही कुरकुर करतच विरघळते, आणि पेलेटमध्ये पाणी राहिलं असेल तर आणखीनच कमी. खालचं पेलेट निळं दिसतंय तोवर परत परत काढत राहायचं आणि सगळी काढणी एकत्र मोजायची. स्टँडर्ड त्याच डीएमएसओत, लिटरला ५ ते ५० मिलिग्रॅम. बाजारातली कृत्रिम नीळ शंभर टक्के शुद्ध नसते, बाटलीवरची टक्केवारी हिशेबात घ्यावी.

द्रावण निळं न दिसता जांभळट दिसलं तर आलं इंडिरुबिन. इंडॉक्सिलचा काही भाग जास्तच ऑक्सिडाइझ होऊन इसॅटिन बनतो, आणि इसॅटिन दुसऱ्या इंडॉक्सिलला धरून हा लाल भाऊ तयार करतं. त्याचं शोषण ५४० च्या आसपास, पण तिथे निळीचाही थोडा हिस्सा येतो, त्यामुळे नुसत्या ५४० च्या आकड्यावरून टक्केवारी काढू नये. सिलिका प्लेटवर टीएलसी (पातळ थरावर रंग वेगळे करणारी क्रोमॅटोग्राफी) करून निळा आणि गुलाबी ठिपका वेगळे पाहावेत. डेनिमच्या रंगात ही लाली खपत नाही. जेनेनकोर कंपनीने यावर जीनचाच उपाय काढला: स्यूडोमोनासमधलं इसॅटिन फोडणारं एन्झाइम त्याच ई. कोलायमध्ये बसवलं. त्याच कंपनीने ट्रिप्टोफॅन बाहेरून न देता ग्लुकोजपासूनच नीळ बनवणारे जिवाणू तयार केले. त्यात ट्रिप्टोफॅन सिंथेजचा एक भाग असा बिघडवला होता की इंडोल ट्रिप्टोफॅन होण्याआधीच गळून बाहेर येतं. ३०० लिटरच्या फर्मेंटरमध्ये लिटरला १८ ग्रॅमपर्यंत गेल्याचं त्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलं. आमच्यासारख्यांच्या फ्लास्कमधल्या आकड्यांशी त्याची तुलनाच नको.

इथे एक स्पष्ट बोलायला हवं. काही जण ट्रिप्टोफॅन महाग म्हणून थेट इंडोल विकत आणून घालतात आणि पुढे त्या रंगाला नैसर्गिक म्हणतात. बाजारातलं इंडोल डांबरापासून किंवा पेट्रोरसायनांतून येतं. कार्बन-१४ ची तपासणी केली तर त्या निळीत जुनाच कार्बन निघेल. ग्लुकोजपासून किंवा आंबवून काढलेल्या ट्रिप्टोफॅनपासून केलेल्या निळीत तो ताजा असतो. प्लेटवर दोन्ही सारख्याच निळ्या.

नीळ वेगळी काढताना कल्चर आधी ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करू नये. पेशींची प्रथिनं साकळून निळीला धरतात आणि तपकिरी-निळे खडे होतात, जे कशानेच सुटत नाहीत. कल्चर फिरवून पेलेट घ्यायचं, मूळ घनफळाच्या पाचव्या हिश्शाइतक्या एक नॉर्मल कॉस्टिक सोड्यात ढवळायचं आणि ६० अंशांवर तासभर ठेवायचं. पेशी फुटतात, मरतात. थोडं प्लेटवर लावून वाढ नाही याची खात्री करायची आणि तशी नोंद ठेवायची. पहिल्या दहा मिनिटांत डीएनए सुटून सगळं अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत होतं. तेव्हा घाबरून आम्ल घालू नये, गरम पाणी घालून पातळ करावं. मग सेंट्रिफ्यूज, पीएच ७ येईपर्यंत पाण्याने धुणं, शेवटी दोनदा इथेनॉलने. दुसरं इथेनॉलही गुलाबी निघालं तर तिसऱ्यांदा. ६० अंशांवर सुकवल्यावर खलबत्त्यात घोटायची. नखाने घासल्यावर तांब्यासारखी चमक आली तर ती शुद्धीची बरी खूण.

रंगवणं मात्र कृत्रिम निळीसारखंच. पाच ग्रॅम नीळ थोड्या गरम पाण्यात वाटून घ्यायची, एक लिटर पाणी ५० अंशांवर, कॉस्टिक ६ ग्रॅम, मग हायड्रो (निळीचं क्षपण करून तिला पाण्यात विरघळवणारं सोडियम हायड्रोसल्फाइट) ६ ग्रॅम पृष्ठभागावर हलके पसरून. ढवळताना हवा आत जाऊ द्यायची नाही. अर्ध्या तासात द्रावण पिवळट हिरवं होतं आणि वर तांबूस-निळी साय धरते. ओलं करून पिळलेलं सूत पाच मिनिटं बुडवून बाहेर काढलं की हिरवं, मग डोळ्यांदेखत निळं. गडद रंगासाठी पाच-सहा बुडव्या, प्रत्येक बुडवीनंतर दहा मिनिटं हवेत. कुंड पिवळं न होता हिरवट-निळंच राहिलं तर बहुधा धुण्यात प्रथिनं राहिली आहेत आणि ती फेस करत हायड्रो खात आहेत. सुकलेल्या सुतावर पांढरं फडकं घासून निळं निघालं तरी आधी तिथेच शंका घ्यावी.

म्हणजे जिवाणूने आपल्याला कृत्रिम नीळ ज्यापासून करतात त्या अ‍ॅनिलीनपासून सोडवलं, हायड्रोपासून नाही. त्यावरची वाट २०१८ साली बर्कलीच्या गटाने दाखवली: जिवाणूतच इंडॉक्सिलला साखर जोडून इंडिकॅन करायचं, ते पाण्यात विरघळतं, आणि साखर कापडावर एन्झाइमने तोडायची. झाडाचीच युक्ती. एन्झाइमचा आणि साखर जोडण्याचा खर्च मात्र त्यात वाढतो.

उरलेलं कुंड फेकू नये. त्यात थोडं कॉस्टिक आणि चार ग्रॅम ताजा हायड्रो घालून, पंखा चालू ठेवून, तेच फर्मेंटरच्या काचेवर आणि ढवळण्याच्या पात्यांवर फिरवावं. बसलेली नीळ पिवळी होऊन सुटते. लगेच ओतून पाण्याने धुवायचं, हवा लागू दिली तर परत निळं बसतं. कोरड्या हायड्रोच्या डब्यात ओला चमचा घालायचा नाही, तो तापून धुमसतो. आणि सिलिकॉनच्या नळ्या कशानेही पांढऱ्या होत नाहीत. त्यांच्यावर खूण करून निळ्या बॅचसाठी वेगळ्या ठेवाव्यात.